अर्ध्यावर सोडलेला ठेका

गणपती बसून चौथा दिवस होता. सुचित्रा देवापुढे फुलं मांडत होती आणि जास्वंदीचं एक फूल तिच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होतं. ती हसली. म्हणाली, "अहो, आज हे फूल माझ्याशी खेळतंय." मीही हसलो. फूल खेळत नव्हतं, हातच निघून चालला होता, हे आम्हाला दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात कळलं.

दहा दिवसांनी घाटंजीला परत आलो. अर्धांगाच्या झटक्यातून पाय परत आला होता. थोडा ओढत होता, पण आला होता. वाचेला धक्का नव्हता, एवढी गुरुमाउलीची कृपा. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेला असायचा. परक्या घरी आणून बसवलेल्या लेकरासारखा, गप्प.

मी अनंत, तिचा नवरा. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, पण गाव मला त्या नावानं ओळखत नाही. सुचित्राबाई कीर्तनाला उभ्या राहतात तेव्हा त्यांच्यामागे झांज घेऊन उभा असतो तो माणूस, ही माझी ओळख. सत्तावीस वर्षं मी तिथं उभा आहे आणि सत्तावीस वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की आपण कुठे दुसरीकडे असायला हवं होतं. कीर्तन रंगात आलं की मंडपाचे खांब विरघळतात. समोरची माणसं एकाच पाण्यावर तरंगणाऱ्या दिव्यांसारखी दिसू लागतात. आणि त्या पाण्यावरून टकटक करत एक होडी चाललेली असते, ती म्हणजे तिच्या चिपळ्या. एक अंगठ्यात, एक बोटांत. जीभ बोलत असते, पाय झुलत असतात, डोळे श्रोत्यांत फिरत असतात. आणि चिपळ्या या सगळ्यांना एका दोऱ्यात ओवून ठेवतात.

दर दत्तजयंतीला आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात तिचं कीर्तन असतं. मंदिराचं सगळं पाहणारे नागोराव घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि कपातला चहा निवू दिला. मग म्हणाले, "वहिनी, यंदा बसून सांगा. खुर्ची देतो. चिपळ्या राहू द्या."

"नागोरावभाऊजी," ती म्हणाली, "चिपळ्या नसल्या की माझी जीभ लंगडते. हात आला तर उभी राहीन. नाही आला तर दुसऱ्या कोणाला बोलवा. आणि मग पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवत जा."

तिनं हे अगदी हळू सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं. दत्तजयंतीला अजून अडीच महिने होते.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी स्पृहा यवतमाळला फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं काकूचा हात आपल्या हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि एका कागदावर पाच व्यायाम लिहून दिले. मूठ उघडणं-मिटणं, चिमटीत दाणा धरणं, मनगट फिरवणं, चिपळ्या नुसत्या धरणं, चिपळ्या वाजवणं. खालीही काही ओळी लिहिल्या होत्या. त्या मी वाचल्या, पण कचेरीतल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचल्या. म्हणजे वरचा विषय वाचला आणि खालचा मजकूर 'समजला' असं धरून चाललो.

पस्तीस वर्षं मी एक नियम पाळला होता. एक नस्ती, म्हणजे फाइल, निकाली निघाल्याशिवाय दुसरीची दोरी सोडायची नाही. या नियमानं माझं टेबल तालुक्यात सर्वांत स्वच्छ होतं. तोच नियम मी बायकोच्या हाताला लावला. एक वही केली. पहिला आठवडा फक्त मूठ. ती पक्की झाली की दाणा. तो पक्का झाला की मनगट. सकाळी दीड तास, दुपारी दीड तास, एकच काम, पुन्हा पुन्हा, चुकेनासं होईपर्यंत.

आणि चुकेनासं व्हायचं. हीच तर गंमत होती. सकाळी दहाला तिची बोटं एकमेकांना ओळखत नसायची, आणि दुपारी चारला चाळीसपैकी अडतीसदा मूठ सुरेख मिटायची. मी वहीत लिहायचो, 'निकाली'. ती थकून भिंतीला टेकायची आणि आम्ही दोघं त्या हाताकडे कौतुकानं पाहत बसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हात कोरा असायचा. कालचं काही त्यानं पाहिलंच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून.

असं तीन आठवडे चाललं. चिपळ्यांपर्यंत पोचलो तेव्हा मी भजनी ठेका घेतला, आणि तेवढाच घेतला. केरवा, दादरा, धुमाळी नंतर. चार-चार तास एकच ठेका. संध्याकाळी तो इतका गोड वाजायचा की शेजारची बाई दारात येऊन उभी राहायची. सकाळी चिपळ्या बोटांतून गळून पडायच्या. एकदा त्या पडल्या तेव्हा सुचित्रानं त्या उचलल्या नाहीत. नुसतं म्हणाली, "अहो, मी काय फाइल आहे?"

मला राग आला नाही. भीती वाटली. कारण त्या दिवशी तिनं जेवताना विचारलं होतं की पांढरकवड्याचे ते कोण बुवा, ते कीर्तन बरं सांगतात का.

बाजाराच्या दिवशी हंसाबाई आली. पारवा गावाच्या रस्त्याला तिचा तांडा आहे. बंजाऱ्यांचा, साठ-सत्तर घरांचा. ती आणि तिचा नवरा उत्तमसिंग तिथं कापूस-तूर करतात. बाजार झाला की ती आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकते, आणि सुचित्राचं कीर्तन असलं की तांड्यातल्या पाच-सात बायांना घेऊन पुढच्या रांगेत बसते. सुचित्राला ती 'याडी' म्हणते. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. हंसाबाई वयानं सुचित्रापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, पण त्याचं तिला काही नाही.

ती बसल्या बसल्या कांचळीच्या, म्हणजे त्यांच्या काचा जडवलेल्या चोळीच्या, बाहीवर टाके घालत होती, सून रंजिता हिच्यासाठी. मधेच तिनं मान वर केली. मी आत "एकशेबारा, एकशेतेरा" मोजत होतो.

"साहेब, काय करून राह्यले हो?"

"व्यायाम. दवाखान्याचं काम आहे, हंसाबाई."

"मले वाटलं सरकी मोजून राह्यले." मग सुचित्राकडे वळून म्हणाली, "याडी, कालचं आज राह्यलं का हातात?"

सुचित्रानं मान हलवली. नाही.

"राहीन कसं? पुरं करून झोपता तुमी." तिनं मांडीवरची बाही पसरली. "हे पाहा. ही ओळ अर्धी सोडली. हे दुसऱ्या टाक्याची, तेबी अर्धी. हे काचेची. माह्या मायनं मले असंच शिकवलं. जमून राह्यलं असं वाटलं का सुई काढून घे, दुसरा टाका धर. ओळ पुरी झाली का हात झोपते, व याडी. अर्धी राह्यली का तो रातभर तिच्याच मागं फिरते. सकाळी सुई धरली का विचारते, कुठं होतो मी?"

"आणि चुकलं तर?" मी विचारलं.

"चुकते ना! रंजिता पयले पंधरा दिवस रडत होती. सासू काहून छळते म्हणे. आता पाहा तिचा हात." मग हसून म्हणाली, "साहेब, तुमच्या कचेरीत कागद झोपत होते, ते ठीक. माह्या याडीच्या हातालेबी तुमी निजवून राह्यले."

सुचित्रा हसली. दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा असं पोट धरून हसताना पाहिलं, एका हातानं.

मला मात्र ते लागलं. संध्याकाळी मी स्पृहाला फोन केला, तक्रारीच्या सुरात. म्हटलं, तुझे व्यायाम काकूच्या हातात टिकत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, कागदाच्या खाली मी काय लिहिलंय ते वाचा बरं मोठ्यानं."

मी चष्मा लावला. वाचलं: 'एका वेळी दहा मिनिटांच्या वर नको. दिवसातून सहा-सात वेळा. पाचही गोष्टी मिसळून, क्रम रोज बदलून. अगदी नीट जमेपर्यंत थांबू नये.'

शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

"काका," ती म्हणाली, "चार तास एकच केलं की हाताला आठवावं लागत नाही. आत्ताच केलेलं असतं ना, तेच तो पुढे ढकलतो. म्हणून संध्याकाळी छान वाजतं. मधे खंड पडला, दुसरं काही केलं, की परत येताना हाताला ते शोधून आणावं लागतं. त्या शोधण्यात ते मुरतं. दिसायला वाईट दिसेल. रोज वाईट दिसेल. तुम्ही वही बंद करा."

"एक बाई हेच म्हणत होती," मी म्हटलं.

"कोणत्या दवाखान्यातली?"

"तांड्यावरची."

दोन दिवसांनी हंसाबाईच्या वावरात सीतादही होतं. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवतात, ते. तिनं दोघांना बोलावलं आणि आम्ही चार दिवस राहिलोच.

त्या चार दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. स्वप्नातलं आठवतं तसं आठवतं. पांढरं पांढरं वावर, इतकं की डोळे मिटले तरी पापणीच्या आत कापूस फुटलेला. कार्तिकातलं मऊ ऊन. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुचित्रा उभी, गळ्यात हंसाबाईनं बांधून दिलेली झोळी, झोळीत चिपळ्या. ती दोन बोंडं वेचायची. मग चिपळ्या काढून भजनी ठेक्याची दोन आवर्तनं. मग चिपळ्या झोळीत आणि पाण्याचा गडू उचलून बघायचा. मग दादरा. मधेच हंसाबाई ओरडायची, "याडी, इकडं ये, शेंगा सोल!" आणि ठेका समेवर यायच्या आधीच तुटायचा. मला कसंसंच व्हायचं. अर्धी राहिलेली मात्रा माझ्या कानात लोंबत राहायची.

ठेका कधी मिळायचा, कधी भलतीकडे जायचा. चिपळी पऱ्हाटीत पडायची, मग दोघीजणी वाकून शोधायच्या, सापडली की पुन्हा सुरू. उत्तमसिंग झाडाखाली बसून पाहायचा. एकदा मला म्हणाला, "साहेब, तुमचं तोंड असं काहून झालं? चिपळी पडते, तुमी नाई पडून राह्यले."

घरी परतल्यावर आम्ही तीच रीत ठेवली. चिपळ्यांना घरात जागाच उरली नाही. कधी पिठाच्या डब्यावर, कधी तुळशीपाशी, कधी माझ्या वर्तमानपत्रावर. ती दळण निवडता निवडता उठायची, केरवा वाजवायची, चुकायची, सोडून द्यायची, पुन्हा दळणाला बसायची. मी वही उघडली नाही, पण कान कोण बंद करणार? कान सांगत होते की मागच्या महिन्यातल्या संध्याकाळी यापेक्षा शंभर पटींनी बऱ्या होत्या. फक्त एक गोष्ट वेगळी होती. सकाळ आणि संध्याकाळ आता सारखीच वाजत होती. बेताचीच, पण सारखी.

दत्तजयंतीला तीन दिवस उरले आणि नागोराव पुन्हा आले. पत्रिकेवर नाव छापायचं होतं. सुचित्रानं त्यांच्यासमोर चिपळ्या घेतल्या. भजनी ठेका धरला, चौथ्या आवर्तनात मनगट अडकलं. धुमाळी घेतली, ती सुरूच झाली नाही. नागोराव भल्या मनाचा माणूस. ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "वहिनी, पांढरकवड्याचे बुवा मोकळे आहेत. उद्या दुपारपर्यंत सांगा मला."

ते गेल्यावर मला राहवलं नाही. "सुचित्रा, तीन दिवस आहेत. बाकी सगळं सोड. फक्त भजनी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तीन दिवसांपुरता तरी पक्का होईल."

तिलाही मोह झाला. मी तो तिच्या डोळ्यांत पाहिला. ती बसली, मी झांज घेतली, आणि आम्ही वाजवू लागलो. अर्धा तास झाला असेल. हळूहळू हात सैल झाला, मग मोकळा झाला, मग वाहू लागला. घर भरून गेलं. खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, तिच्यातली धूळसुद्धा मला ठेक्यात नाचताना दिसत होती. माझे डोळे भरले. तेच पूर्वीचं सुख, तीच होडी, तेच पाणी.

आणि ती थांबली. ऐन मध्यावर, सम यायच्या आत. चिपळ्या तिनं चटईवर ठेवल्या.

"काय झालं? आत्ता तर जमलं!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "अहो, फार गोड आहे हे. असं वाटतं की इथंच बसावं. पण हे गोड उद्या माझ्याबरोबर येणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे." मग उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डाव्या हातानं परात ओढून उजव्या हातानं कणकेत पाणी घालू लागली. तिथूनच म्हणाली, "नागोरावांना फोन करा. माझंच नाव छापा म्हणावं."

मी फोन केला. आत परातीत कणीक मळल्याचा आवाज येत होता.

दत्तजन्म सूर्यास्ताला होतो; कीर्तन चारला सुरू झालं. हंसाबाई पुढच्या रांगेत, रंजिता तिच्या शेजारी, मागे उत्तमसिंग. तबल्यावर शाळामास्तर कपिल. मी झांज घेऊन माझ्या जागेवर. सुचित्रा उभी राहिली, नमन झालं, आणि तिनं चिपळ्या घातल्या.

पहिलाच ठेका लंगडला. समोर दोन बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कपिलनं तबला हळू केला. सुचित्रा बोलत राहिली. दरवर्षी ती अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक घेते. मागच्या वर्षी बाण घडवणारा लोहार घेतला होता, ज्याच्या दारावरून राजाची मिरवणूक गेली तरी ज्यानं मान वर केली नाही. यंदा तिनं मधमाशी घेतली. "मधमाशी एका फुलावर बसून राहत नाही, बरं का मंडळी. या फुलातलं थोडं, त्या फुलातलं थोडं. लोक म्हणतात, काय चंचल प्राणी आहे! एका ठिकाणी याचं चित्त नाही. पण संध्याकाळी पोळ्यात बघा. मध कोणाकडे आहे?" माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. माझी मात्र झांज हळूच चुकली.

पदाची चाल बदलली, भजनीतून दादऱ्यात. हात क्षणभर चाचपडला, आणि त्याला दादरा सापडला. पुन्हा भजनी. पुन्हा चाचपडला, पुन्हा सापडला. प्रत्येक वळणावर तो असा दाराशी थबकायचा आणि मग आत यायचा. पूर्वीसारखं वाजत नव्हतं. पूर्वी तिचा हात न विचारता चालायचा. आज तो दर वेळी विचारून चालत होता. आणि मला ते जास्त आवडत होतं, का ते मला सांगता येणार नाही. देव आठवून घ्यावा लागतो तेव्हा तो जास्त जवळ असतो, असं काहीतरी.

मग गजर चढला. मंडप डोलू लागला, कपिलनं केरवा दुप्पट केला, आणि बोटांतली चिपळी उडाली. चौरंगाला लागली आणि दगडी फरशीवर वाजत वाजत गेली.

नागोराव उठून अर्धे उभे राहिले.

सुचित्रा गातच होती. गाता गाता वाकली, डाव्या हाताचा आधार घेतला, उजव्या हातानं चिपळी उचलली, बोटांत सरकवली. घाई नाही, गोंधळ नाही. पऱ्हाटीत वाकायची तशीच वाकली, चुलीपाशी उठायची तशीच उठली. आणि हाताला कुणी काही सांगायच्या आत तो ठेक्यात शिरला. मधूनच, बरोबर त्या जागी, जिथं ठेका तोवर येऊन पोचला होता. पुढची सम आम्ही चौघांनी मिळून गाठली. ती, कपिल, मी आणि तो हात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या दीड महिन्यात तिनं सर्वांत जास्त वेळा काय केलं होतं. ठेका वाजवला नव्हता. तुटलेला ठेका पुन्हा धरला होता. शेकडो वेळा.

"धरलं व माह्या याडीनं!" हंसाबाई मोठ्यानं म्हणाली, आणि भर कीर्तनात लोक हसले, सुचित्राही हसली, त्या हसण्यावरच गजर पुढे गेला.

सूर्य टेकला, पाळणा हलला, गुलाल उडाला. कीर्तन संपलं तरी माणसं जागची हलेनात. मंडपात एक मंद गुलाबी धुकं तरंगत होतं आणि सगळे त्यात उभे होते, एकमेकांची नावं विसरल्यासारखे.

नागोरावांनी सुंठवड्याचं ताट तिच्यापुढे धरलं. "वहिनी, प्रसाद तुमच्या हातानं."

तिनं चिपळ्या काढून माझ्याकडे दिल्या आणि उजवा हात ताटात घातला. रांग लागली. पहिली चिमूट सांडली. दुसरी मोठी झाली. तिसरी नीट आली. पुढचा तळवा लहान होता, कडेवरच्या लेकराचा, त्यापुढचा हंसाबाईचा, कापसाच्या बोंडांनी चिरलेला, मग नागोरावांचा. प्रत्येक तळवा वेगळ्या उंचीवर, वेगळ्या अंतरावर. दर वेळी हात थोडा थांबायचा, तळव्याकडे बघायचा आणि मग जायचा.

कुणालाच घाई नव्हती. रांग देवळाबाहेर, गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. मी चिपळ्या आणि झांज खांबाशी ठेवली आणि जाऊन सगळ्यांत शेवटी उभा राहिलो.